हसू सुधारायचं, पण कोणत्या क्रमाने?

समोरचा एक दात पडलेला, दोन पिवळट, एक थोडा तिरका, आणि घरातलं कार्य चार महिन्यांवर आलेलं. अशा वेळी दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, स्माइल चांगली करून द्या’ एवढंच म्हटलं, की व्हिनियर, झिरकोनिया, अलायनर, इम्प्लांट अशी नावं कानावर पडतात आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो. गोंधळ उडणारच. त्यातून वाट काढायला एक नियम धरून ठेवा: नंतर उलटवता येण्याजोगं काम आधी, न येण्याजोगं शेवटी. दात साफ केले, उजळवले, वरून थोडं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरायचं साहित्य, लावलं तर मूळ दात जागेवरच राहतो. कॅपसाठी घासून बारीक केलेला दात मात्र पुन्हा भरून येत नाही. त्यावर जन्मभर काही ना काही चढवून ठेवावं लागतं.

पहिली पायरी: तक्रार नेमकी करा

दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहून फोनवर तीन फोटो काढून घ्या. एक नेहमीसारखं हसताना, एक ओठ बाजूला ओढून दात मिटलेले, एक बाजूने. मग कागदावर लिहा, आपल्याला खटकतंय ते नेमकं काय: रंग, फट, आकार, जास्त दिसणारी हिरडी, की नसलेला दात? ‘दात चांगले दिसत नाहीत’ यावरून कोणत्याही डॉक्टरला फारसं काही कळत नाही.

रंगाच्या तक्रारीत कारण ओळखणं हे अर्धं काम आहे. चहा, तंबाखू, मिश्री, पान यांचे डाग वरवरचे असतात आणि साध्या क्लीनिंगने बरेचसे जातात. लोहाचं पातळ टॉनिक आणि क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश जास्त दिवस घेतला तरी दात काळपट-तपकिरी होतात, तेही साफ होतं. पण लहानपणी पडून मार बसलेला एकच दात हळूहळू करडा पडला असेल, तर आतली नस मेलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे आधी एक्स-रे, मग बहुधा रूट कॅनल आणि त्यानंतर त्याच दाताला आतून ब्लीच. सहा दातांना व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवायचा सिरॅमिकचा पापुद्रा, लावायचं काही कारण नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातली कमाल मर्यादा मानतात. दात हाडात तयार होत असतानाच्या वयात, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर पक्के दात पांढऱ्या ठिपक्यांचे किंवा तपकिरी डागांचे उगवतात. हा घाणेरडेपणा नव्हे, आणि ब्रशने घासून तो जात नाही. हलके डाग असतील तर वरचा अगदी पातळ थर काढणारी मायक्रोअॅब्रेजन ही पद्धत किंवा दातात मुरणारं रेझिन पुरतं. खोल डागांना कॉम्पोझिट किंवा व्हिनियर लागतं. टेट्रासायक्लिन हे औषध लहानपणी घेतल्याने आलेल्या करड्या आडव्या पट्ट्या सगळ्यांत चिवट. त्यांना ब्लीचिंगही महिनोन्महिने करावं लागतं.

लिंबू, मीठ, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड यांच्या वाटेला जाऊ नका. दोन दिवस दात उजळ वाटतात, कारण वरचं एनॅमल झिजलेलं असतं. ते आणखी झिजलं की खालचा पिवळा थर जास्तच दिसू लागतो.

दुसरी पायरी: डॉक्टर आणि तपासणी

बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी, एमडीएस ही त्यावरची विशेष शाखा. कॅप, ब्रिज, कवळी यांचे तज्ज्ञ ते प्रोस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांचे पेरिओडॉन्टिस्ट, वेड्यावाकड्या दातांचे ऑर्थोडॉन्टिस्ट. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, यांतले काही जण आणि जबड्याचे सर्जन असे दोघेही बसवतात. अनुभवी बीडीएस डॉक्टरही यातली बरीच कामं उत्तम करतात, तेव्हा पाटीवरच्या अक्षरांपेक्षा ‘अशी कामं तुम्ही केली आहेत का, आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का?’ हा प्रश्न जास्त उपयोगी. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे किंवा आपापल्या राज्याच्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. रस्त्याकडेला किंवा बाजाराच्या दिवशी ‘फिक्स दात’ बसवून देणारे लोक नसलेल्या दाताच्या जागी अॅक्रिलिक ओतून ते शेजारच्या दातांना तारेने जखडून टाकतात. स्वस्त पडतं, आणि वर्ष-दोन वर्षांत शेजारचे चांगले दातही हलायला लागतात.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. विद्यार्थी काम करतात, शिक्षक तपासतात. खेपा जास्त होतात, वेळ जातो, पण घाईघाईत दात घासून मोकळे होण्याची शक्यता तिथे कमी. वेळ हाताशी असलेल्यांनी याचा विचार जरूर करावा.

पहिल्या भेटीत सगळ्या जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायला सांगतील. इम्प्लांटचा विचार असेल तर पुढे सीबीसीटी हा त्रिमिती स्कॅन. याच भेटीत आपली औषधं सांगा, सगळी. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट सोबत न्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरतं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका हे हमखास सांगायच्या राहतात. कंबरेच्या औषधाचा दाताशी काय संबंध, असं वाटतं. संबंध आहे: यांतल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर जबड्याचं हाड भरून न येता निकामी होण्याचा धोका असतो.

तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही लपवू नका. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर सौंदर्याचं काम बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी.

तिसरी पायरी: हिरड्या आणि कीड

हा कंटाळवाणा भाग आहे आणि वगळायचा मोह इथेच होतो. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांपाशी कॅप बसवली तर तिच्या कडा नीट बसत नाहीत, आणि पुढे सूज उतरून हिरडी आक्रसली की कडा उघडी पडते. म्हणून आधी किटण काढून घेणं, कीड साफ करून भरणं, लागेल तिथे रूट कॅनल.

‘क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. मशीन कंपनांनी किटण सुटं करतं, दात खरवडत नाही. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दोन दातांमधल्या फटी बुजवून बसलेलं असतं, ते गेलं की फटी दिसतात आणि पाणी थंड लागतं. हिरडीखालचं हाड आधीच झिजलेलं असेल तर दात हलताना आत्ता जाणवतो, एवढंच. त्याचा दोष पायोरियाचा. चार-आठ दिवस दात आंबल्यासारखे वाटतील, मग ते शमतं.

इथेच थांबणारे पुष्कळ लोक असतात. दात साफ झाले, हिरडी गुलाबी झाली की आरशातलं चित्र इतकं बदलतं, की पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही.

चौथी पायरी: रंग

ब्लीचिंग दोन प्रकारे होतं. दवाखान्यात खुर्चीवर तीव्र जेल लावून तास-दीड तासात, किंवा आपल्या दातांच्या मापाचे पारदर्शक ट्रे बनवून घेऊन त्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं सौम्य जेल, साधारण १० टक्क्यांचं, घालून घरी रोज काही तास किंवा रात्रभर असं दोनेक आठवडे. माझा कौल दुसऱ्याला. रंग हळूहळू उजळतो, दात कमी दुखतात आणि ट्रे पुढेही उपयोगी पडतात. गरोदरपणात आणि अठरा वर्षांखाली ब्लीचिंग टाळतात. ते चालू असताना आणि नंतरचे दोन दिवस चहा, हळदीचा रस्सा, बीट, कोकम, पान यांपासून दूर राहा. आपल्या जेवणात हे अवघडच, पण दही-भातावर दोन दिवस निघतात.

क्रमाचा खरा मुद्दा इथे येतो. ब्लीचिंगने फक्त नैसर्गिक दाताचा रंग बदलतो. कॅप, व्हिनियर, दातात भरलेलं जुनं सिमेंट यांचा नाही. म्हणून नवी कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीच, मग किमान दोन आठवडे थांबायचं आणि त्यानंतर कॅपचा रंग निवडायचा. एवढं थांबायचं याचं कारण असं, की ताज्या ब्लीच केलेल्या दाताला चिकटवलेलं साहित्य नीट धरत नाही. रंग निवडताना लिपस्टिक पुसा, खिडकीच्या उजेडात बघा आणि निवड भेटीच्या सुरुवातीलाच करा. तोंड बराच वेळ उघडं राहून दात कोरडे पडले की ते खऱ्यापेक्षा पांढरे दिसतात. शेड गाइडवर, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या पट्टीवर, ए, बी, सी, डी अशा गटांत रंग असतात. अगदी पांढराशुभ्र निवडू नये असं मला वाटतं. चाळिशीच्या, गव्हाळ रंगाच्या चेहऱ्यावर तो बेसिनच्या रंगासारखा उठून दिसतो.

पाचवी पायरी: आकार, फट, तिरकेपणा

दात तिरके असतील तर घासून सरळ दिसवण्याआधी सरकवून सरळ करता येतात का, ते विचारा. तारा किंवा अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) यांना वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि नंतर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वापरला नाही तर दात परत मूळ जागेकडे सरकतात. तरी आपला दात शाबूत राहतो. ‘तारा नकोत, दोन आठवड्यांत कॅपने सरळ करून देतो’ ही सूचना विशी-तिशीतल्या माणसाला आली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

तुटलेला कोपरा, दोन दातांमधली छोटी फट, लहान राहिलेला दात यांना कॉम्पोझिट बाँडिंग पुरतं. एका बैठकीत होतं, बहुधा भूलही लागत नाही आणि दात जवळपास घासावा लागत नाही. उणी बाजू अशी, की चहा-हळदीने त्याचा रंग बदलतो, अधूनमधून पॉलिश लागतं आणि पाच-सात वर्षांत ते बदलावं लागतं. सुरुवात इथून करावी. नाही आवडलं तर पुढच्या वाटा मोकळ्या राहतात.

व्हिनियर म्हणजे पुढच्या पृष्ठभागावर चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर एनॅमल काढतात. पूर्ण कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासतात आणि हिरडीवरच्या दाताचा निम्म्याहून जास्त भाग जाऊ शकतो. म्हणून कॅप ही रूट कॅनल झालेल्या, फार किडलेल्या किंवा तुटलेल्या दातासाठी. नुसत्या रंगासाठी नव्हे. कॅपचा प्रकार निवडताना एवढं लक्षात ठेवा: आत धातू आणि वर सिरॅमिक असलेल्या कॅपची कडा काही वर्षांनी हिरडीपाशी काळसर दिसू शकते, त्यामुळे समोरच्या दातांना बिनधातूची घेतात. दाढांना झिरकोनिया या टणक सिरॅमिकची मजबुती बरी.

काहीही घासण्याआधी मॉक-अप मागा. साच्यावर किंवा संगणकावर नवे आकार तयार करून ते तात्पुरत्या साहित्याने तोंडात लावून दाखवता येतात. घरच्यांना दाखवा, ‘सासवड, शाळा, फळा, विठ्ठल’ म्हणून बघा. दात लांब झाले असतील तर उच्चारात लगेच कळतं.

सहावी पायरी: पडलेला दात

दात गेल्यावर जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात त्या बाजूला कलतात आणि समोरच्या ओळीतला दात आधार नसल्याने खाली-वर सरकतो. खालचं हाडही झिजतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे दात काढायच्या दिवशीच ‘याच्या जागी पुढे काय?’ हे ठरलेलं बरं. मात्र मागची अक्कलदाढ किंवा चावण्यात कामी न येणारी शेवटची दाढ गेली असेल तर काहीच न करणं हाही रास्त पर्याय आहे.

सगळ्यांत स्वस्त ती काढता-घालता येणारी कवळी. अॅक्रिलिकची साधी, नायलॉनची लवचिक, किंवा धातूच्या चौकटीची. तात्पुरती म्हणून साधी ठीक, कायमची वापरायची असेल तर धातूच्या चौकटीची हिरड्यांना आणि उरलेल्या दातांना जास्त मानवते.

ब्रिजमध्ये शेजारचे दोन दात कॅपसाठी घासून त्यांच्या खांद्यावर मधला दात तोलतात. आठ-पंधरा दिवसांत काम होतं, शस्त्रक्रिया नाही. शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल तर ब्रिज उत्तम. ते दोन्ही निरोगी असतील तर एका दातासाठी तीन दात गुंतवण्याचा हा सौदा मला महाग वाटतो. साधारण दहा-पंधरा वर्षांनी ब्रिज बदलायची वेळ येते आणि तेव्हा खालचे खांब किडलेले निघाले तर एकाऐवजी तीन दातांचा प्रश्न उभा राहतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोड आणि वर कॅप. १९५२ मध्ये स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण शेवटी निघेचना, हाडाने त्याला धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजचं सगळं तंत्र याच धरून ठेवण्यावर उभं आहे, आणि त्यासाठी हाडाला वेळ द्यावा लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या मऊ हाडात चार ते सहा. काही जणांना त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, पण तो सगळ्यांना जमत नाही आणि जाहिरातीवरून ठरत नाही. स्क्रू घट्ट बसला की नाही हे बसवतानाच कळतं.

प्रत्यक्षात भूल देऊन काम होतं. दात काढण्यापेक्षा बहुधा कमीच दुखतं, दोन-तीन दिवस सूज राहते. हाड कमी असेल तर हाडाची पूड भरतात. ही पूड आणि तिच्यावरचा पडदा बऱ्याचदा गाय-डुकरासारख्या प्राण्यांपासून तयार झालेला असतो. शाकाहारी किंवा धार्मिक कारणाने हे चालणार नसेल तर आधीच सांगा, कृत्रिम पर्याय मिळतात. सांगितलं नाही तर कोणी आपणहून विचारेलच असं नाही.

योग्य माणसाला योग्य तऱ्हेने बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त टिकून असतात. सिगारेट ओढणाऱ्यांत ते निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. साखर आटोक्यात नसेल तर आधी ती आणा. वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे विशीच्या आसपास पोचण्याआधी, इम्प्लांट बसवत नाहीत. सोळा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात गेला असेल तर तोवर मागून चिकटवलेला छोटा ब्रिज किंवा कवळी.

सगळे दात गेलेल्या आजी-आजोबांसाठी प्रत्येक दाताला इम्प्लांट लागत नाही. खालची कवळी जिभेने उचकटते ही त्यांची मुख्य तक्रार असते. खाली दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी केली, की भाकरी चावता येते आणि चार माणसांत बोलताना कवळी हलत नाही.

सातवी पायरी: तारीख आणि पैसे

लग्नाला आठवडा उरला असेल तर फक्त क्लीनिंग. महिना असेल तर क्लीनिंग, ब्लीच आणि थोडं बाँडिंग. तीन-चार महिने असतील तर कॅप, व्हिनियर, हिरडीचं छोटं काम निवांत होतं. इम्प्लांटला वर्षभर आणि अलायनरला वर्ष-दीड वर्ष आधी सुरुवात करा. ते शक्य नसेल तर समारंभापुरता तात्पुरता दात घेऊन खरं काम नंतर करा. परदेशातून सुट्टीला येऊन इथे इम्प्लांट करून घेणाऱ्यांनी दोन फेऱ्या धराव्यात, मध्ये चार-सहा महिन्यांचं अंतर.

शहरांतल्या खासगी दवाखान्यांत एका इम्प्लांटचा खर्च कॅपसह साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत सांगतात. आकडा ऐकल्यावर विचारा: यात स्कॅन, जोड, कॅप, हाडाची पूड धरली आहे का? ‘इम्प्लांट फक्त इतक्यात’ अशा जाहिरातीत कित्येकदा नुसता स्क्रू असतो. अंदाज लेखी घ्या आणि हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार द्या. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा बसत नाही.

काम झाल्यावर इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात वरचा जोड सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला नेमकं कोणतं हत्यार लागेल हे त्याच कार्डावरून कळतं.

आठवी पायरी: नंतर

ऊस दाताने सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं, सुपारी फोडणं, नळीचं हाड चावणं हे बाँडिंग, व्हिनियर आणि सिरॅमिकच्या कॅपला सोसत नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड करून घ्या, नाहीतर महागडं सिरॅमिक वर्षभरात तडकेल. ब्रिजखालून रोज दोरा किंवा बारीक ब्रश फिरवा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. ते बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात.

एखाद्या संध्याकाळी कॅप निघून हातात आली तर घाबरू नका आणि ती फेविक्विकने चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, उघडा पडलेला दात मऊ ब्रशने साफ ठेवा आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. खालचा दात शाबूत असेल तर बहुतेक वेळा तीच कॅप परत बसते. गिळली गेली तर ती सहसा आपोआप पोटातून बाहेर पडते. मात्र ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल तर लगेच रुग्णालय गाठा, कॅप श्वासनलिकेत गेलेली असू शकते.